जेबीएलमधला ‘जे. बी. एल.’ कोण? जेम्स लान्सिंग यांची गोष्ट आणि मिडवूफरची स्पेसिफिकेशन शीट

ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा म्हटलं की जेबीएल हे नाव कोणीतरी सुचवतंच. हॉस्टेलच्या खोलीत, ट्रेकला, मित्राच्या गाडीत, सगळीकडे ती तीन अक्षरं आणि शेजारचं उद्गारचिन्ह दिसतं. पण ही कंपनीसाठी बसवलेली अक्षरं नाहीत, एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जेम्स बुलो लान्सिंग. आणि गंमत बघा, हे नावही त्यांचं जन्माचं नव्हतं.

आता या माणसाबद्दल आज का लिहायचं? अलीकडे अनेकांना घरीच छोटे हाय-फाय स्पीकर बनवायचे असतात. प्लायवूडचा खोका, एक ट्वीटर, एक पाच किंवा सहा इंची मिडवूफर, बस. मग लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन ड्रायव्हर शोधायला जावं तर हातात एक शीट पडते: एफएस, क्यूटीएस, व्हीएएस, बीएल, एक्समॅक्स, सेन्सिटिव्हिटी. (ड्रायव्हर म्हणजे इथे गाडी चालवणारा नाही. खोक्याशिवायचा नुसता स्पीकर, म्हणजे कोन, कॉइल आणि चुंबक, याला ड्रायव्हर म्हणतात.) हे आकडे एकेक करून पाठ करता येतात, पण त्यातून काही हाती लागत नाही. हे आकडे म्हणजे कोणीतरी घेतलेले निर्णय असतात. एक वाढवला की दुसरा कुठेतरी सोडावा लागतो. लान्सिंग यांनी आयुष्यभर हेच निर्णय हाताने, लेथवर, तार गुंडाळत घेतले. म्हणून त्यांच्या आयुष्यातून ही शीट जास्त नीट कळते असं माझं मत आहे.

मार्टिनींचा जेम्स

१४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मकूपिन काउंटीत जेम्स मार्टिनीचा जन्म झाला. वडील कोळसा खाणींच्या कामात इंजिनिअर, घरात भावंडांची भली मोठी फौज. लहानपणी काही काळ तो लिचफिल्ड गावात बुलो नावाच्या कुटुंबाकडे राहिला. पुढे मधलं नाव म्हणून त्याने तेच घेतलं.

पोरगा उचापती होता. दहा-बारा वर्षांचा असताना त्याने लायडन जार बनवला, म्हणजे काचेच्या बरणीत स्थिर वीज साठवायचं जुनं साधन, आणि सवंगड्यांना शॉक द्यायला सुरुवात केली. पुढे एक रेडिओ ट्रान्समीटरही बनवला. त्याचे सिग्नल थेट नौदलाच्या ग्रेट लेक्स तळापर्यंत पोचले आणि तो मोडून टाकायला लावला, अशी घरची गोष्ट सांगतात. ती शंभर टक्के खरी की थोडी तिखटमीठ लावलेली, सोडून देऊ. नंतर गाड्यांच्या दुरुस्तीचं काम, त्याचंच डेट्रॉइटला थोडं शिक्षण. इंजिनिअरिंगची डिग्री कधीच नाही.

१९२४ मध्ये आई गेली आणि त्याने घर सोडलं. सॉल्ट लेक सिटीत एका रेडिओ स्टेशनवर काम केलं, स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत काम केलं. तिथेच ग्लेना पीटरसन भेटली आणि १९२५ मध्ये लग्न झालं. तिथेच आणखी एक माणूस भेटला, केन डेकर. हे नाव लक्षात ठेवा, कारण या गोष्टीतलं सगळं पुढे त्याच्यावरून फिरतं. जेम्सला वस्तू बनवता येत होती आणि डेकरला धंदा चालवता येत होता.

दोघे लॉस एंजेलिसला आले. मार्च १९२७ मध्ये लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नोंदवली आणि त्याच सुमारास जेम्स मार्टिनीने कायदेशीररीत्या आपलं नाव जेम्स बुलो लान्सिंग असं करून घेतलं.

सुरुवातीला माल साधाच होता. घरगुती रेडिओत बसणारे सहा आणि आठ इंची स्पीकर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. शेकडो माणसांच्या थिएटरात आवाज पोचवायचा म्हणजे काय करायचं, हे तेव्हा नीट कोणालाच माहीत नव्हतं.

पाऊल एक, टकटक दोन

एमजीएम स्टुडिओच्या साउंड विभागाचे प्रमुख होते डग्लस शीअरर. (नटी नॉर्मा शीअरर यांचे भाऊ.) थिएटरांत बसवलेल्या सिस्टिम त्यांना पसंत नव्हत्या. म्हणून १९३३ च्या सुमारास त्यांनी स्वतःची सिस्टिम बनवायचं ठरवलं. जॉन हिलियर्ड यांनी कामाची सूत्रं हातात घेतली आणि ड्रायव्हर बनवायचं काम गेलं लान्सिंगच्या कारखान्याकडे. तिथे डॉ. जॉन ब्लॅकबर्न गणित बघायचे आणि लान्सिंग ते धातूत उतरवायचे.

कल्पना अशी होती की एकाच स्पीकरकडून सगळं करून घ्यायचं नाही. जाड, खालचा आवाज मोठ्या कोनला द्यायचा आणि बारीक, वरचा आवाज छोट्या ड्रायव्हरला, कर्ण्यातून. मध्ये आवाज वाटून देणारं सर्किट, ज्याला आपण क्रॉसओव्हर म्हणतो. तुम्ही आज घरी जो टू-वे स्पीकर बनवाल त्याचा सांगाडा हाच आहे. फक्त त्यांचा माणसापेक्षा उंच होता आणि तुमचा टेबलावर मावेल.

अडचण एक होती. आधीच्या एका मोठ्या टू-वे सिस्टिमवर टॅप डान्स ऐकवला की एका पावलाच्या दोन टकटक ऐकू येत. कारण खालचा आवाज लांब, वळणावळणाच्या भोंग्यातून यायचा आणि वरचा आखूड रस्त्याने. हिशोब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे रस्त्यात अडीच मीटरचा फरक पडला तर ७ मिलिसेकंदांचा उशीर. स्वस्त इयरबडवर गेम खेळताना गोळी आधी दिसते आणि आवाज मागून येतो ना, तोच लेटन्सीचा प्रकार, फक्त इथे एकाच आवाजाचे दोन तुकडे झाले. शीअरर हॉर्नमध्ये हे दोन रस्ते जवळपास सारखे केले गेले. तुमच्या खोक्यात हा फरक दोन-तीन सेंटीमीटरचाच असेल, तरी चांगले डिझायनर ट्वीटर थोडा मागे बसवतात किंवा क्रॉसओव्हरमध्ये त्याची भरपाई करतात.

१९३६ सालासाठीचा ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार या कामाला मिळाला. नाव अर्थातच शीअरर आणि एमजीएमच्या साउंड विभागाचं. लान्सिंग यांच्या बाबतीत हे पुढेही होत राहिलं: काम यांचं, पाटी दुसऱ्याची.

१९३७ मध्ये त्यांच्या कंपनीने त्याच कल्पनेची लहान आवृत्ती काढली, आयकॉनिक नावाने. १५ इंची वूफर आणि वर छोटा हॉर्न. आज ती कपाटाएवढी वाटेल, पण त्या काळाच्या मानाने कॉम्पॅक्ट होती, आणि स्टुडिओत समोर ठेवून ऐकता येत होती.

तार चपटी का?

आता थोडं आत जाऊ. ड्रायव्हरच्या मागे चुंबक असतो, त्यात एक गोल, अरुंद फट. त्या फटीत तारेची कॉइल लटकलेली, तिला व्हॉइस कॉइल म्हणतात. कॉइलमधून गाण्याचा करंट गेला की चुंबक तिला पुढे-मागे ढकलतो, कॉइलला कोन चिकटलेला, आणि कोन हवा हलवतो. संपलं. शंभर वर्षांत मूळ यंत्र बदललेलं नाही.

किती जोराने ढकलतो? चुंबकाची ताकद म्हणजे बी, गुणिले त्या फटीत असलेल्या तारेची लांबी म्हणजे एल. शीटवर जो बीएल दिसतो तो हाच. बीएल जास्त म्हणजे एका अँपिअरमागे धक्का जास्त.

बीएल वाढवायला काय करणार? एक, चुंबक मोठा घ्या. दोन, फटीत जास्त तार कोंबा. पण फट रुंद केली की चुंबकाची ताकद पातळ होते, म्हणजे जागा वाढवता येत नाही. आहे त्याच जागेत जास्त धातू बसवायचा. गोल तार गुंडाळली की वेढ्यांच्या मध्ये रिकाम्या जागा राहतात. चौकोनात वर्तुळ बसवलं तर ते साधारण ७८ टक्केच जागा भरतं. तीच तार पट्टीसारखी चपटी करून, पत्त्यांच्या कॅटसारखी कडेवर उभी रचली तर जागा जवळजवळ पूर्ण भरते.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. पट्टी कडेवर वळवताना ती मुरडते, फाटते, सरकते. ही कल्पना लान्सिंग यांनी पहिल्यांदा शोधली असं नाही, थिएटरच्या ड्रायव्हरमध्ये ती आधी वापरली गेली होती. पण ती तार कारखान्यात भराभर गुंडाळता यावी आणि तापल्यावरही सुटू नये, यासाठी लागणारी यंत्रं, उष्णता सोसणारे चिकटपदार्थ आणि हातखंडा त्यांनी तयार केला. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेमो चालला की खूश होतो. तेच काम हजार वेळा न बिघडता चालवणं ही वेगळी विद्या आहे, आणि लान्सिंग त्या विद्येतले होते.

बीएल जास्त असण्याचा दुसरा परिणामही शीटवर दिसतो. कोन हलायला लागला की कॉइल स्वतः छोटा जनरेटर बनते आणि आपल्याच हालचालीला ब्रेक लावते. हा ब्रेक किती कडक, हे क्यूटीएस सांगतो. आकडा लहान म्हणजे ब्रेक कडक.

डेकर गेला

१९३९ मध्ये केन डेकर यांचा विमान अपघातात मृत्यू झाला.

कंपनीत लान्सिंग यांच्याइतका चांगला कारागीर शोधून सापडला नसता, पण बिलं, उधारी, बँक, पगार बघणारा माणूस आता राहिला नव्हता. दोन वर्षांत कंपनी गाळात गेली. डिसेंबर १९४१ मध्ये अल्टेक सर्व्हिस कॉर्पोरेशन या कंपनीने ती ५०,००० डॉलरना विकत घेतली. अल्टेकचा धंदा थिएटरांच्या साउंड सिस्टिमची देखभाल करण्याचा. त्यांना स्वतःचा माल बनवणारा कारखाना हवा होता. नवीन नाव झालं अल्टेक लान्सिंग. दोन हजारच्या दशकात कंप्युटरच्या टेबलावर ज्या नावाचे छोटे स्पीकर असायचे, तेच हे नाव.

लान्सिंग तिथे इंजिनिअरिंगचे उपाध्यक्ष झाले आणि मला वाटतं ही त्यांची सगळ्यात भरभराटीची पाच वर्षं होती, कारण हिशोब दुसरा कोणीतरी बघत होता. ६०४ हा ड्युप्लेक्स स्पीकर याच काळातला. त्यात वूफरच्या मधोमधच हॉर्न बसवलेला, म्हणजे वरचा आणि खालचा आवाज एकाच बिंदूतून. स्टुडिओंत तो पुढे कित्येक दशकं वापरला गेला. १९४५ मध्ये हिलियर्ड आणि लान्सिंग यांची व्हॉइस ऑफ द थिएटर ही सिनेमागृहांची सिस्टिम आली. अल्निको ५ या मिश्रधातूचे जोरदार कायमस्वरूपी चुंबकही याच दशकात हाती आले. त्याआधी मोठ्या स्पीकरच्या चुंबकालाच वेगळी वीज द्यावी लागायची.

करार पाच वर्षांचा होता. तो संपला तसे १९४६ मध्ये ते बाहेर पडले.

डी१३०

बाहेर पडून त्यांनी कंपनी काढली, लान्सिंग साउंड इनकॉर्पोरेटेड. अल्टेकने लगेच आक्षेप घेतला, कारण लान्सिंग हे नाव आता त्यांनी विकत घेतलेलं होतं. आयकॉनिक हे नाव वापरण्यावरही आक्षेप. आधी जे आडनाव माणसाने स्वतः निवडून घेतलं, ते आता त्याला दुकानाच्या पाटीवर सुटं लावता येईना. मग कंपनीचं नाव लांबवून जेम्स बी. लान्सिंग साउंड, इनकॉर्पोरेटेड असं केलं गेलं.

पहिला ड्रायव्हर डी१०१, अल्टेकच्याच १५ इंची वूफरच्या वळणाचा. त्यानंतर आला डी१३०. त्यातही कोन १५ इंचाचाच, पण कॉइल चक्क ४ इंच व्यासाची, चपट्या तारेची, पुढे चकचकीत ॲल्युमिनियमचा घुमट. एवढ्या मोठ्या कॉइलचे फायदे दोन. तार जास्त मावते, आणि उष्णता पसरायला जागा मिळते. ड्रायव्हरला दिलेल्या विजेपैकी बहुतेक सगळी उष्णताच होते, म्हणून हा मुद्दा लहान नाही.

डी१३० ची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबलच्या वर होती. म्हणजे १ वॉट दिला आणि १ मीटरवर मोजलं तर एवढा आवाज. आता आपल्या कामाचा एक नमुना घेऊ. समजा एक पाच इंची मिडवूफर आहे आणि त्याची शीट अशी आहे: एफएस ५५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४, व्हीएएस ९ लिटर, एक्समॅक्स ५ एमएम, सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल. दोघांत १३ डेसिबलचा फरक. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे १३ ला साधारण २० पट. डी१३० ज्या आवाजाला १ वॉट खातो, त्याला आपला मिडवूफर २० वॉट खाईल.

मग आपला मिडवूफर वाईट का? अजिबात नाही. इथेच निर्णय दिसतात. लान्सिंग यांच्या काळात ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचे, महाग, आणि मोजकेच वॉट देणारे. स्पीकरने वॉट वाया घालवणं परवडणारं नव्हतं. त्यांनी हलका कोन, प्रचंड चुंबक आणि भरपूर तार निवडली, आणि बदल्यात मोठा खोका मान्य केला. आज ५० वॉटचा क्लास-डी बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. वॉट स्वस्त झाले, घरं लहान झाली. म्हणून आजचा डिझायनर उलटा सौदा करतो: सेन्सिटिव्हिटी सोडतो आणि लहान खोक्यात बास मागतो. खोल बास, लहान खोका आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिघांपैकी दोनच मिळतात. शीटवर तिन्ही एकदम भारी दिसले तर शीटवर संशय घ्या.

कोन हलका की जड, हेही यातच येतं. जड कोन सावकाश डुलतो, म्हणून एफएस खाली जातो. एफएस म्हणजे ड्रायव्हर मोकळ्या हवेत ज्या फ्रिक्वेन्सीला आपोआप डोलतो ती. झोक्याला जशी स्वतःची एक लय असते तसं. त्याच्या खाली बासची अपेक्षा ठेवू नये. पण जड कोन हलवायला जास्त धक्का लागतो, म्हणून सेन्सिटिव्हिटी पडते.

आणि एक्समॅक्स? १५ इंची कोनचं क्षेत्रफळ पाच इंचीच्या जवळपास दहापट असतं. तेवढीच हवा हलवायची तर पाच इंचीने दहापट लांब उडी मारली पाहिजे. शिवाय फ्रिक्वेन्सी निम्मी केली की त्याच आवाजाला चौपट उडी लागते. एक्समॅक्स सांगतो की कॉइल एका बाजूला किती एमएमपर्यंत शिस्तीत जाऊ शकते. लान्सिंग यांना याची फारशी चिंता करावी लागली नाही, मोठा कोन जरासा हलला तरी काम होत होतं. कॉम्पॅक्ट स्पीकरमध्ये मात्र मी सेन्सिटिव्हिटीच्या आधी एक्समॅक्स बघेन.

राहिला व्हीएएस. ड्रायव्हरचं सस्पेन्शन जेवढं लवचीक, तेवढीच लवचीक असायला किती लिटर हवा लागेल, तो हा आकडा. खोक्याचा आकार नाही, पण खोका यावरून निघतो. आपल्या नमुन्यातला ९ लिटर व्हीएएसवाला ड्रायव्हर साडेचार लिटरच्या बंद खोक्यात घाला. व्हीएएस भागिले खोका म्हणजे २. त्यात १ मिळवून ३. त्याचं वर्गमूळ १.७३. एफएस आणि क्यूटीएस दोन्हींना १.७३ ने गुणा. रेझोनन्स ९५ हर्ट्झवर गेला आणि एकूण क्यू झाला ०.७, म्हणजे बास फुगलेला नाही आणि सुकलेलाही नाही. ९५ च्या खाली मात्र आवाज उतरत जाणार. त्याऐवजी साडेसात लिटरच्या आसपास पोर्टवाला खोका केला तर ५५ हर्ट्झच्या जवळ पोचता येतं, पण पोर्टच्या खाली कोनला आवर राहत नाही आणि ट्यूनिंग चुकलं तर आवाज घुमतो. पहिलाच प्रोजेक्ट असेल तर बंद खोका करा.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. हा दोन ओळींचा हिशोब लान्सिंग यांच्याकडे नव्हता. नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात तो १९६१ मध्ये मांडला आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरा केला. म्हणून या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. लान्सिंग यांनी खोके बनवून, ऐकून, मोजून, पुन्हा बनवूनच ठरवले.

सप्टेंबर १९४९

डी१३० उत्तम होता आणि कंपनी बुडत होती.

यात विरोधाभास वाटतो, पण नीट पाहिलं तर नाही. लान्सिंग ड्रायव्हरमध्ये कुठेच तडजोड करत नसत. महाग चुंबक, मशीनवर कोरलेले भाग, हाताने जुळवलेली कॉइल. वस्तू बनवायला किती खर्च येतो आणि ती कितीला विकली पाहिजे हा आकडा त्यांच्या शीटवर नव्हता. आणि तो बघणारा डेकर दहा वर्षांपूर्वी गेलेला. काही काळ मार्क्वार्ट या विमानाच्या इंजिनांच्या कंपनीने पैसा आणि जागा दिली, तिचे खजिनदार विल्यम थॉमस या धंद्यात लक्ष घालू लागले. मग मार्क्वार्ट कंपनीच दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि तो आधार सुटला. थॉमस मात्र मार्क्वार्ट सोडून लान्सिंग यांच्याबरोबर राहिले. देणी चढत गेली.

१९४९ च्या सप्टेंबरमध्ये जेम्स लान्सिंग यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय ४७.

त्यांच्या विम्याचे १०,००० डॉलर कंपनीच्या नावे होते. त्या पैशावर कंपनी तगली. थॉमस यांनी सूत्रं हाती घेतली, ग्लेना यांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढच्या वीस वर्षांत धंदा उभा केला. त्यांनी काही जादू केली नाही. ड्रायव्हर तेच ठेवले, फक्त ते कोणाला आणि कितीला विकायचे हे ठरवलं. लोक ही गोष्ट सांगताना लान्सिंग यांना अलौकिक आणि थॉमस यांना नुसते व्यापारी ठरवतात. मला ते पटत नाही. थॉमस १९३९ मध्येच भेटले असते तर कदाचित लान्सिंग स्वतः ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरसाठी ड्रायव्हर बनवताना दिसले असते.

नावाचं भांडणही थॉमस यांनीच मिटवलं. मालावर लान्सिंग ठळक लिहिण्याला अल्टेकची हरकत होतीच. १९५५ मध्ये तोडगा निघाला, ब्रँड फक्त आद्याक्षरांचा. जेबीएल हे नाव असं जन्माला आलं, माणूस गेल्यानंतर सहा वर्षांनी.

पुढचं थोडक्यात सांगतो. लिओ फेंडर यांनी आपल्या गिटार ॲम्प्लिफायरांत डी१३० वापरला. १९६९ मध्ये थॉमस यांनी कंपनी विकली आणि ती सिडनी हार्मन यांच्या समूहात गेली. १९७० मध्ये एल१०० सेंच्युरी आला, घराच्या दिवाणखान्यात शेल्फवर बसणारा, खूप खपलेला. २०१७ मध्ये सॅमसंगने हार्मन विकत घेतली, म्हणजे आज तुमचा गॅलॅक्सी फोन आणि जेबीएलचा स्पीकर एकाच घरचे आहेत.

मिडवूफर शोधायला बसाल तेव्हा शीटवर ‘व्हॉइस कॉइल डायमीटर’ अशी एक ओळ दिसेल, जी बहुतेक जण वाचतच नाहीत. पाच इंची मिडवूफरमध्ये ती साधारण २५ एमएम असते, चांगल्या पैशाच्या मालात थोडी जास्त. कॉइल मोठी म्हणजे तापणं कमी, आणि कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढून आवाज दबतो, म्हणजे पार्टीच्या शेवटच्या तासाला हा आकडा कामाला येतो. आता जेबीएलच्या स्टेजवरच्या २२२६ या १५ इंची ड्रायव्हरची शीट उघडा आणि तीच ओळ शोधा. तिथे १०० एमएम लिहिलेलं आहे, म्हणजे ४ इंच.